दोन इंजिनं, एक पाय

मुंबईहून धर्माबादकडे येणारी देवगिरी एक्सप्रेस रात्री कसाऱ्याला थांबते, तेव्हा बहुतेक डबे झोपेत असतात. त्या थोड्या वेळात गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं लागतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. थळ घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे सरकलं की रूळ १ मीटर वर चढतो. पुढच्या इंजिनाने एवढी लांब गाडी एकट्याने ओढायची तर ताण सगळा डब्यांच्या जोडांवर येणार. म्हणून काही ताकद मागून द्यायची. इगतपुरी आली की बँकर सुटतात आणि गाडी पुन्हा एका इंजिनावर मनमाड, छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड करत आपल्या गावापर्यंत येते.

या बँकरांत त्यांचे स्वतःचे चालक असतात. पुढच्या आणि मागच्या चालकांमध्ये अख्खी गाडी असते, एकाला दुसरा दिसत नाही. शिट्टीच्या ठरलेल्या खुणांवर आणि हातातल्या वॉकीटॉकीवर त्यांचं काम चालतं. याउलट धर्माबाद स्टेशनावरून धडधडत जाणाऱ्या एखाद्या मालगाडीला पुढेच दोन इंजिनं लागलेली दिसतात, पण माणसं फक्त पहिल्यात असतात. दुसऱ्या इंजिनाला हुकूम तारेतून जातो. दोन इंजिनांकडून एक काम करून घ्यायच्या या दोन रीती झाल्या: एकमेकांची भाषा कळणारी दोन माणसं, किंवा एक माणूस आणि मधली तार. छोट्या मोटारीत दुसरं इंजिन बसवण्याचा जगात जिथे जिथे प्रयत्न झाला, तिथे पहिला प्रश्न हाच पडला आहे. मोटारीत चालक एक, त्याचा उजवा पाय एक, आणि हुकूम दोघांना द्यायचा.

हे पुस्तक त्या हुकुमाबद्दल आहे. आपल्याकडच्या गॅरेजांत हा विषय अधूनमधून निघतोच. अपघातात पुढून चेपलेली, बॉडी कामातून गेलेली पण इंजिन शाबूत असलेली एखादी मारुती कोपऱ्यात पडलेली असते. शेजारी तशीच दुसरी चालू गाडी उभी असते. कोणीतरी म्हणतं, हे काढून त्याच्या डिकीत टाकलं तर? लोक हसतात, चहा येतो, विषय संपतो. मला तो संपू द्यायचा नाही. असा प्रश्न ज्याला सुचतो त्याला गाडीची रचना आतून कळलेली असते, आणि त्याला धड उत्तर मिळायला हवं. ‘होतं’ एवढं उत्तर पुरत नाही आणि ‘होत नाही’ हे तर खोटंच आहे. झालेलं आहे, अनेकदा झालेलं आहे. कसं झालं, कुठे मोडलं, आणि आज पुण्यात किंवा धर्माबादेत कोणाला तेच करायचं असेल तर त्याने काय धरावं आणि काय सोडावं, हे सांगण्यासाठी ही लांबलेली प्रस्तावना.

आधी हे पाहू की ही कल्पना नेमकी छोट्या हॅचबॅक गाडीबद्दलच का सुचते. १९५९ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनी गाडी काढली. त्यांनी इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं त्याच गठ्ठ्यात आणलं. पुढची चाकं तिथल्या तिथेच फिरवायची, मागे जाणारा लांब शाफ्ट नाही. पुढे जगभरच्या बहुतेक छोट्या गाड्यांनी इंजिन आडवं टाकून पुढची चाकं फिरवण्याची हीच रीत उचलली. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८००ही त्यातलीच. चार बोल्ट, दोन शाफ्ट, काही पाईप आणि वायरी सोडल्या की गाडीची सगळी ताकद एका तुकड्यात खाली उतरते. ट्रकचं किंवा जीपचं तसं नाही. तिथे ताकद गाडीच्या अंगभर पसरलेली असते. एका तुकड्यात उतरणारी वस्तू एका तुकड्यात दुसरीकडे चढवताही येईल, असं मिस्त्रीला वाटणं साहजिकच आहे. शिवाय आडवं इंजिन मागेही त्याच तोंडाने बसवलं तर मागची चाकं पुढच्यासारखीच सुलट फिरतात. कागदावर तरी काही उलटंपालटं करावं लागत नाही.

पण हे जमवून विकायला आणलं ते फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने, आणि तेही आडव्या इंजिनाशिवाय. त्यांची २सीव्ही ही शेतकऱ्यांसाठी केलेली पत्र्याची हलकी गाडी होती. सहारा वाळवंटात तेल शोधणाऱ्या लोकांना आणि तसल्याच रानावनात काम करणाऱ्यांना चारही चाकं ओढणारी स्वस्त गाडी हवी होती. नेहमीच्या रीतीने पुढून मागे शाफ्ट न्यायचा तर सगळी गाडी नव्याने आखावी लागली असती. कंपनीने १९५८ साली दुसरा मार्ग दाखवला: मागे, डिकीच्या जागी, आणखी एक पूर्ण इंजिन. ४२५ सीसीची, दोन सिलिंडरची, हवेवर थंड होणारी दोन इंजिनं. प्रत्येकी सुमारे १२ अश्वशक्ती. मागचं इंजिन पाठमोरं, पंखा मागे. पेट्रोलच्या टाक्या दोन, पुढच्या सीटांखाली, आणि त्यांची तोंडं दारात कापलेल्या भोकांतून बाहेर. स्टेपनी डिकीतून हुसकल्यामुळे बोनेटवर चढली. गिअरचा दांडा एकच, तो दोन्ही गिअरबॉक्सना एकदम हलवतो. क्लचचा पेडलही एकच. इंजिन चालू करायच्या किल्ल्या मात्र दोन.

या दोन किल्ल्यांपाशी थोडं थांबू. सहारा नावाची ही गाडी नुसत्या पुढच्या इंजिनावर चालत असे, नुसत्या मागच्यावरही. एका इंजिनावर ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास आणि दोन्हींवर १००च्या घरात. भरल्या गाडीने ४० टक्क्यांचा चढ चढावा, असा तिचा दावा होता. वाळवंटात एक इंजिन बंद पडलं तरी माणूस घरी पोहोचायचा. वेगासाठी दुसरं इंजिन घेण्यापेक्षा हा हेतू मला फार शहाणपणाचा वाटतो. पावसाळ्यात गोदाकाठच्या काळ्या मातीत फसलेलं पुढचं चाक ज्याने पाहिलंय, त्याला मागची दोन चाकं आपल्या जोरावर ढकलणारी हलकी गाडी काय किमतीची असते हे सांगावं लागणार नाही. पाणंद रस्त्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरून स्वतःचाच खड्डा खणतात. तिथे ताकद आणखी असून उपयोग नसतो, ती चार जागी वाटलेली असावी लागते. सहाराच्या गाड्या बनल्या फक्त ६९४. महाग पडली म्हणून ती मागे पडली. पण कारखान्यातून सरळ गिऱ्हाईकाच्या हाती गेलेली दोन इंजिनांची गाडी म्हणून तिचं नाव घ्यावंच लागतं.

मिनीची गोष्ट वेगळी आहे आणि शिकण्यासारखी जास्त आहे. १९६२-६३चा इंग्लंडमधला हिवाळा अतिशय कडक होता. त्या बर्फात इसिगोनिस यांनी मिनीच्याच घरातल्या मोक या उघड्या गाडीत पुढे-मागे दोन इंजिनं बसवून ती पळवली. चार चाकांची पकड पाहून रेसिंगवाल्यांचे डोळे उघडले. १९६३च्या मे महिन्यात सिसिली बेटावरच्या टार्गा फ्लोरिओ या शर्यतीत दोन इंजिनांची मिनी उतरली. चालवणारे होते जॉन व्हिटमोर आणि पॉल फ्रेअर. डोंगरातला सुमारे ७२ किलोमीटरचा फेरा, आणि असे दहा. मागच्या इंजिनाला पुरेशी हवा मिळेना आणि ते तापलं. शेवटी पुढच्या एका इंजिनाच्या जोरावर, मेलेलं दुसरं इंजिन पाठीवर वाहत, गाडीने शर्यत पुरी केली.

आपल्याकडे मे महिन्यात पारा कुठे असतो हे धर्माबादकराला वेगळं सांगायला नको. पुढचं इंजिन गाडी पळताना समोरची हवा खातं. मागचं इंजिन गाडीच्या सावलीत असतं. त्याला हवा बाजूने कापून आत घ्यावी लागते, नाहीतर रेडिएटर पुढे ठेवून पाण्याचे लांब पाईप मागे न्यावे लागतात. ज्याला मागे इंजिन बसवायचं आहे त्याने पहिलं चित्र हवेच्या वाटेचं काढावं, इंजिनाचं नंतर.

त्याच वर्षी मिनीच्या रेसिंगमागचा मोठा माणूस जॉन कूपर आपली दोन इंजिनांची मिनी लंडनजवळच्या किंग्स्टन बायपासवर चालवत असताना भयंकर अपघातात सापडला. जिवावरचं संकट होतं, थोडक्यात वाचला. कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. पुढचा संच मागे नेला की त्याबरोबर वळणारी चाकं मागे येतात. पुढे ज्या आर्मना स्टिअरिंगचे टाय रॉड धरून असतात, ते आर्म मागे कुठेतरी पक्के बांधावे लागतात, म्हणजे मागची चाकं सरळच राहतात. हा बांध सुटला तर मागचं एक चाक मनाला येईल तिकडे वळतं, आणि धावत्या गाडीत चालकाच्या हाती काही राहत नाही. कूपरच्या गाडीत मागच्या बाजूला हेच तुटलं असं सांगितलं जातं. इंजिनं दोन्ही ठीक होती.

अशा गोष्टी एकामागे एक ठेवल्या की एक सूत्र दिसू लागतं. १९३५ साली एन्झो फेरारीच्या रेसिंग पथकाने अल्फा रोमिओची बिमोतोरे बनवली, चालकाच्या पुढे एक आणि मागे एक अशी आठ-आठ सिलिंडरची दोन इंजिनं. नुव्होलारी या चालकाने तिच्यावर ताशी ३२० किलोमीटरच्या वर वेगाचा विक्रम केला. शर्यतीत मात्र ती टायर खात सुटली. एवढी ताकद रस्त्यावर उतरवायला त्या काळचं रबर पुरेना. पुढे १९८७ साली फोक्सवॅगनने गोल्फ हॅचबॅकमध्ये १.८ लिटरची दोन टर्बो इंजिनं बसवून ती अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावर चढाईला नेली. जवळपास २० किलोमीटर मातीचा रस्ता, १५६ वळणं, शेवट ४,३०० मीटरवर, जिथे हवा इतकी विरळ की इंजिनाचा दम जातो. दोन्ही इंजिनं मिळून ६५२ अश्वशक्ती आणि गाडी फक्त एक टनाच्या आसपास. योखी क्लाइंट ही गाडी वर घेऊन चालला होता. शेवटची थोडी वळणं राहिली असताना सस्पेन्शनचा जोड तुटला. ग्रीस भरता यावं म्हणून त्या जोडाला भोक पाडलं होतं आणि तिथूनच तो गेला. वर्षानुवर्षं केलेलं काम एका भोकापाशी थांबलं.

मिनीत मागच्या चाकाचा बांध, बिमोतोरेत टायर, गोल्फमध्ये सस्पेन्शनचा जोड. दोन इंजिनांच्या गाडीत इंजिन क्वचित हरतं. हरतो तो इंजिन आणि जमीन यांच्या मधला एखादा छोटा भाग. तो एका इंजिनाच्या हिशोबाने आखलेला असतो आणि दुप्पट भार आल्याचं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. गॅरेजवाल्याने हे मनावर कोरून ठेवावं. इंजिन उचलून ठेवणं हे चेन पुलीचं काम आहे, एका दिवसात होतं. फाउंडेशन, बॉल जॉइंट, ट्रेलिंग आर्म, ब्रेक, चाकाचे बोल्ट यांचा हिशोब पुन्हा मांडायला महिने जातात. खरं काम तिथे आहे.

जमलेलं उदाहरणही सांगायला हवं, आणि ते आपल्याला जवळचं आहे, कारण ते सुझुकीचं आहे. नोबुहिरो ताजिमा हा जपानी चालक सुझुकीच्या छोट्या कल्टस गाडीला दोन इंजिनं लावून तो पाइक्स पीक डोंगर अनेकदा चढला, आणि १९९५ साली दोन इंजिनांच्या एस्कुडोवर तिथे पहिला आला. मर्सिडीजनेही पुढे आपल्या छोट्या ए-क्लासमध्ये मागच्या बाजूला दुसरं इंजिन घालून काही मोजक्या गाड्या केल्या. पण या सगळ्यांमागे कारखाने होते, पैसा होता आणि एका शर्यतीनंतर गाडी खोलून पाहणारी माणसं होती.

आता आतलं गणित. लोक विचारतात, दोन वेगवेगळी इंजिनं एकाच वेगाने कशी फिरणार? एक जास्त फिरलं, एक कमी, तर गाडी फाटणार नाही का? याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. दोन्ही इंजिनं आपापल्या गिअरबॉक्समधून आपापल्या चाकांना जोडलेली आहेत. चाकं जमिनीला टेकलेली आहेत, आणि गाडी एक असल्यामुळे चारही चाकं त्याच वेगाने पुढे जातात. म्हणजे दोन्ही गिअरबॉक्सचे दात सारखे आणि चारही टायर एका मापाचे असतील, आणि दोन्ही त्याच गिअरमध्ये असतील, तर रस्ताच दोन्ही इंजिनांचे फेरे सारखे ठेवतो. मध्ये शाफ्ट नाही, तरी शाफ्ट आहे, तो डांबराचा आहे. एका इंजिनाला अ‍ॅक्सिलेटर थोडा कमी पोहोचला तर ते मागे पडत नाही, फक्त ओझं कमी उचलतं. बंद पडलं तर दुसरं त्याला फरफटत नेतं. घाटातल्या बँकरचंही असंच. सगळ्या इंजिनांचा वेग एकच, कारण रूळ आणि गाडी एक आहे. वाटणी फक्त जोराची होते.

मग अडचण कुठे? ती सुटताना आणि गिअर बदलताना. गाडी उभी असताना रस्ता काही जोडत नाही. क्लच सोडताना दोन्ही प्लेटा सारख्या घासल्या पाहिजेत. एक नवी आणि एक झिजलेली असली तर सगळा भार एकीवर जातो आणि ती जळते. गिअरचा दांडा मागपर्यंत न्यायचा तर लांब केबल किंवा रॉड, आणि त्यांत ढिलेपणा. पुढचा गिअर पडला आणि मागचा न्यूट्रलमध्ये अडकला, एवढ्यावर निभावलं तर ठीक. पुढे दुसरा आणि मागे तिसरा पडला, तर रस्ता एका इंजिनाला एक वेग सांगेल आणि दुसऱ्याला दुसरा, आणि मधलं काहीतरी घसरेल किंवा तुटेल. क्लचसाठी तारेऐवजी ब्रेकसारखी तेलाची लाइन घ्यावी, एका मास्टर सिलिंडरवरून दोन्हीकडे, म्हणजे दाब आपोआप सारखा वाटला जातो. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण याच एका गोष्टीवर आहे, आणि ते लांब असणंच योग्य आहे.

हॅचबॅकचा आणखी एक धोका आहे, तो मी मुद्दाम इथे पुढे आणतो, कारण उत्साहाच्या भरात तो नजरेतून सुटतो. सेडान गाडीत डिकी आणि माणसं यांच्यामध्ये थोडाफार आडोसा असतो. हॅचबॅकमध्ये डिकी आणि माणसं एकाच खोलीत बसलेली असतात, मधे फक्त सीटची पाठ. तिथे पेट्रोलचं इंजिन ठेवलं की उष्णता, आवाज, पेट्रोलची वाफ आणि सगळ्यात वाईट म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड थेट माणसांच्या खोलीत येतो. त्याला वास नाही. काचा लावून झोपलेलं मागच्या सीटवरचं मूल काही बोलणार नाही. टाटांच्या नॅनोतही ६२४ सीसीचं इंजिन मागेच होतं, पण ती गाडी मुळातच त्या हिशोबाने आखलेली होती, इंजिन सीटच्या मागच्या बाजूला खाली, झाकणाखाली बंद. आपण भोक पाडून केलेल्या जागेत तसं बंद झाकण, उष्णता अडवणारा पत्रा आणि सायलेन्सरची पक्की वाट नसेल, तर ती गाडी माणूस बसवायच्या लायकीची नाही. आणि मारुतीची पेट्रोलची टाकी मागेच असते, तिला आधी कुठेतरी हलवावं लागणार आहे, हेही विसरू नये.

एवढं करून हाती काय येतं? जुन्या कार्बोरेटरच्या मारुती ८००चं इंजिन साधारण ३७ अश्वशक्तीचं. अशी दोन म्हणजे ७४. त्याच कंपनीचं १.२ लिटरचं एकच इंजिन त्याहून जास्त ताकद देतं, आणि ते पुढेच बसतं. पेट्रोलही वाचत नाही. पेट्रोल इंजिन अर्ध्या ओझ्यावर पूर्ण ओझ्यापेक्षा हावरट असतं. आतलं घर्षण आणि हवा ओढायचे कष्ट तेवढेच राहतात, काम मात्र निम्मं होतं. दोन इंजिनं निम्म्या ओझ्यावर फिरवणं म्हणजे हे नुकसान दोनदा भरणं. म्हणून नुसत्या ताकदीसाठी कोणी दुसरं पेट्रोल इंजिन बसवू नये, असं मी स्पष्ट म्हणतो. चिखल, चढ आणि अडीअडचणीला दुसरा आधार, यासाठी मात्र ते शहाणपणाचं होतं, आणि सहाराने ते दाखवलं.

याच हिशोबातून पुण्याच्या प्रयोगाकडे येता येतं. २०१०च्या जूनमध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने ‘रेव्होलो’ नावाचा संच जाहीर केला. कंपनीचे अध्यक्ष रवी पंडित यांचा त्यामागे मोठा जोर होता, आणि बनवण्यासाठी भारत फोर्जशी हातमिळवणी झाली. कल्पना अशी की रस्त्यावर आधीच असलेली पेट्रोल गाडी घ्यायची, तिच्या इंजिनाच्या पुलीला पट्ट्याने विजेची मोटर जोडायची, डिकीत बॅटऱ्या ठेवायच्या आणि मधे एक नियंत्रक बसवायचा. गाडी सुटताना, चढावर, गर्दीत मोटर इंजिनाला हात देते. ब्रेक लावताना तीच मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत घालते. रात्री घरच्या प्लगवरही चार्ज होते. इंधनात ४० टक्क्यांच्या वर बचत होते, असं कंपनीचं म्हणणं होतं.

माझ्या मते महाराष्ट्रात छोट्या गाडीला दुसरं इंजिन बसवण्याचा हा सगळ्यात गंभीर प्रयत्न आहे, जरी त्या इंजिनात पेट्रोल नसलं तरी. मघाची सगळी गुंतागुंत तिथे कशी विरघळते ते पाहा. विजेच्या मोटरला क्लच नको, गिअर नको, ती उभ्या जागेवरून पूर्ण जोर देते, आणि सिग्नलला थांबली की काहीच खात नाही. अ‍ॅक्सिलेटरच्या पेडलाखाली एक सेन्सर असतो. नियंत्रक तो वाचतो आणि मोटरला किती ओढायचं ते सांगतो. मालगाडीच्या दुसऱ्या इंजिनाला तारेतून जाणारा हुकूम तो हाच. मोटर पुलीला जोडण्याऐवजी मागच्या चाकांना दिली, तर सहाराच्या रचनेची थेट वारसदार तयार होते. पुढे पेट्रोल, मागे वीज, मधे रस्ता. २०११च्या सुमारास प्यूजोने डिझेल इंजिनासोबत असं केलं, आणि व्होल्वोने २०१५च्या आपल्या एक्ससी९०ला तर नावच ‘ट्विन इंजिन’ दिलं होतं.

मग रेव्होलो आपल्या गल्लीत का दिसत नाही? संच जाहीर झाला तेव्हा अशा जोडणीला मान्यता देणारे नियम देशात नव्हते. ते पुढे काही वर्षांनी आले. बॅटऱ्याही तेव्हा महाग होत्या आणि दर मॉडेलला वेगळी जोडणी करावी लागते. कंपनीने पुढे बसकडे मोर्चा वळवला, आणि २०१५च्या डिसेंबरात संसदेतल्या खासदारांसाठी दिलेल्या विजेच्या बसमध्ये तिचं तंत्र होतं. पण छोट्या गाडीची कल्पना चुकीची होती असं यातून ठरत नाही. ती काळाच्या थोडी आधी आली.

कायद्याबद्दल कोणाच्या मनात गैरसमज राहू नये. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात नोंदलेला तपशील बनवणाऱ्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा प्रत्येक बदल सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, यांना पात्र ठरवला. म्हणजे एमएच-२६च्या पाटीची मारुती डिकीत दुसरं पेट्रोल इंजिन घेऊन रस्त्यावर आली, तर ती पासिंगला टिकणार नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पाठ फिरवू शकते. मात्र त्याच कलमात एक दार ठेवलेलं आहे. बॅटरी, सीएनजी, एलपीजी किंवा सौर ऊर्जेवर चालण्यासाठी मान्य किट बसवायला परवानगी मिळू शकते. हायब्रिड संचाच्या तपासणीसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, आणि अशा तपासण्या करणारी एआरएआय संस्था पुण्यातच आहे. मागच्या चाकांना मोटर हे स्वप्न कायद्यात बसू शकतं. मागच्या चाकांना दुसरं पेट्रोल इंजिन हे शेतात, मोकळ्या मैदानावर किंवा शर्यतीच्या ट्रॅकवरच राहील.

हे लिहिताना मला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात. भंगारातल्या वस्तू जोडून, किक मारून चालू होणारी छोटी जीप त्यांनी बनवली आणि २०२१च्या अखेरीस ती देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं आणि सोबत हेही सांगितलं की नियमात बसत नसल्याने ती कधी ना कधी अडवली जाईल. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. २०२२च्या जानेवारीत लोहारांना ती मिळाली. त्याआधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ ही छोटी गाडी स्वतः घडवून तिच्यावर अनेक वर्षं घालवली होती. ती बाजारात कधी आली नाही. हाताचं कौशल्य आपल्याकडे कमी कधीच नव्हतं. त्या कौशल्याला मोजमाप, तपासणी आणि मान्यता यांच्या दारापर्यंत नेणारी वाट मात्र लहान गावांत नाही. धर्माबादच्या मुलाला एआरएआय हे नाव कॉलेजात कळतं, गॅरेजात कळत नाही. ती वाट थोडी रुंद व्हावी, ही हे पुस्तक लिहिण्यामागची माझी सगळ्यात मोठी इच्छा आहे.

पुढच्या प्रकरणांत आधी एक मारुती ८०० मागून उघडली आहे: डिकीचा पत्रा, टाकी, आडवा अ‍ॅक्सल, स्प्रिंगा, ब्रेकचे पाईप. प्रत्येक भागावर आज किती वजन येतं आणि मागे संच बसल्यावर किती येईल, हे शेजारी शेजारी लिहिलं आहे. वजनासाठी धर्मकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी उभी करून घेण्याची रीत दिली आहे, ती कोणत्याही गावात करता येते. नंतर क्लचच्या तेलाची लाइन, गिअरची जोडणी, हवेची वाट आणि माणसांची खोली बंद करण्याची कामं येतात. शेवटची चार प्रकरणं मागच्या चाकांना विजेची मोटर लावण्यावर आहेत, आणि ज्याला गाडी रस्त्यावर चालवायची आहे त्याने ती आधी वाचली तरी चालेल. गिअर आणि टायरच्या मापांचा तक्ता मात्र कोणीही चुकवू नये. पाना हातात घेण्याआधी चारही टायरांचा घेर दोरीने मोजून त्या तक्त्यात लिहावा.